उजव्या हाताचं माप

माघ सरता सरता उद्धवबुवांचा उजवा अंगठा रुसला. दुखत होता तो आधीपासूनच, पण बुवा त्याला तेल चोळून, दटावून कीर्तनाला उभं करत होते. एके दिवशी मात्र रंगात आलेल्या कीर्तनात चिपळी हातातून निसटली, ती थेट तबल्यावर. तबल्याला बसलेला त्यांचा मुलगा धवल दचकला. श्रोत्यांना वाटलं, हा काहीतरी नवा तुकडा असावा. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी तर मानही डोलावली.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला. अंगठ्याचा सांधा झिजलाय म्हणाले. बाकीची चार बोटं ठणठणीत, पण अंगठ्याने यापुढे काही धरायचं नाही.

"जेवता येईल ना?" बुवांच्या बायकोने, शैलजाबाईंनी विचारलं.

"जेवता येईल."

"झालं तर मग," शैलजाबाई म्हणाल्या. पण शेजारी बसलेल्या बुवांचा चेहरा असा झाला होता, की डॉक्टरांनी जेवण बंद करून चिपळी चालू ठेवली असती तर त्यांनी पेढे वाटले असते.

आता ज्यांनी कीर्तनाला मांडी घातलेली आहे त्यांना हे सांगायला नको. चिपळीची एक फळी अंगठ्यात असते, दुसरी बोटांत. अंगठ्याची जागची हलत नाही, बोटांची तिच्यावर येऊन पडते, आणि तेवढ्यावर सगळा खेळ. बुवांचं तर चिपळीवाचून पानच हलायचं नाही. शब्द विसरला की चिपळी वेळ मारून न्यायची. आख्यानात गळा दाटून आला की चिपळी चालू राहायची, तेवढ्यात आवंढा गिळून घेता यायचा. पेंगणाऱ्या श्रोत्याच्या दिशेने ती जरा जोरात वाजायची, हेही खरं.

बातमी उंद्रीला पोचली. तिथल्या देवळात रामनवमीचं जन्माचं कीर्तन बुवांच्या घराकडे होतं, त्यांच्या वडिलांपासून. उत्सवाचा सगळा भार वाहणारे पंजाबराव मोटरसायकल काढून चिखलीला बुवांच्या घरी आले. चहा घेता घेता त्यांनी तोडगाही काढला.

"बुवा, तुमी कायले टेन्शन घेता? मोबाईलात चिपळी भेटते ना आता. स्पीकरले जोडून देतो. तुमी फक्त बोलत राहा."

"आणि मी मध्येच थांबलो तर?"

"तं ते चालू राहीन."

"तेच तर," बुवा म्हणाले. मग बशीतला चहा संपवून त्यांनी शांतपणे सांगितलं, "पंजाबराव, हातात चिपळी राहिली तर मी येतो. नाही राहिली तर दुसरे कीर्तनकार बघा. मी पुढे बसून ऐकेन. पण एकदा बसलो की पुन्हा उभा राहणार नाही, हे आजच बोलून ठेवतो."

स्वयंपाकघराच्या दारात कपबशा पुसत उभी असलेली निवेदिता, बुवांची सून, हे ऐकत होती. तिने लग्न ठरताना धवलला एकदाच पाहिलं होतं, पण बुवांचं कीर्तन दोनदा ऐकलं होतं, आणि होकार नेमका कोणाकडे बघून दिला याची खात्री धवलला अजून नव्हती. 'बसलो की पुन्हा उभा राहणार नाही' हे ऐकून तिने हातातली कपबशी खाली ठेवली. बुवांसारखा माणूस बसला म्हणजे नुसता बसत नाही, तो विझतो, हे तिला कळत होतं.

निवेदिता शिकलेली मेकॅनिकलची. जालना रोडवर धवलचा शाळासोबती रवी याचं प्लास्टिकच्या शीटचं काम होतं: दुकानांच्या पाट्या, सत्काराची शील्ड, दवाखान्याच्या काउंटरवरचे पारदर्शक खोके. निवेदिता कॉम्प्युटरवर वस्तू काढायची, लेझरचं मशीन ती शीटमधून सपाट कापायचं, आणि रवी तो सपाट तुकडा तापलेल्या तारेवर धरून, मऊ झाला की रेघेवर वाकवायचा. तापलेला तुकडा कागदासारखा मुकाट्याने वाकतो आणि थंड झाला की त्याच आकाराचा हट्ट धरून बसतो.

"अण्णा, मी तुम्हाला एक क्लिप करून देते," रात्रीच्या जेवणात तिने विषय काढला. "अंगठ्याच्या बुडाशी बसेल. हाताच्या पाठीवरून येईल, कडेवरून वळेल, तळव्यावर जाईल आणि तिथे तिची कड उभी असेल. त्या कडेला चिपळीची फळी अडकवायची. अंगठ्याला काही कामच नाही. त्याने नुसतं ऐकायचं."

"प्लास्टिक?" बुवांनी जरा नाक मुरडलं.

"दिसणारही नाही. काचेसारखं आहे."

"आणि बरोबर बसेल?"

इथे निवेदिताचा आवडता विषय आला. तिने ताटातली भाकरी उचलली आणि दुमडली. "हे बघा. वरून चिरली. आतून चुरगळली. प्लास्टिकचंही तसंच, वाकवलं की बाहेरची बाजू ताणते, आतली दबते. मग सपाट असताना लांबी किती धरायची? बाहेरची धरली तर वस्तू मोठी होते, आतली धरली तर लहान. पण जाडीच्या मध्ये कुठेतरी एक रेघ असते अण्णा, ती ताणतही नाही आणि दबतही नाही. माप तिच्यावर घ्यायचं."

बुवांचा घास हातातच राहिला. "ती रेघ दिसते?"

"दिसत नाही. रवीदादांच्या तारेवर एक पट्टी वाकवून मोजायची, मग ती कुठे आहे ते हिशेबात सापडतं."

"ताणतही नाही आणि दबतही नाही," बुवा स्वतःशी पुटपुटले.

"भाकरी खा आधी," शैलजाबाई म्हणाल्या. "सून भाकरी फाडून दाखवते, सासरा समाधी लावतो. मी भांडी कधी घासू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी निवेदिता मोजायचा व्हर्नियर घेऊन बसली. "अण्णा, उजवा हात पुढे करा."

बुवांनी हात पुढे केला. तिने अंगठ्याच्या बुडाची जाडी घेतली, तळव्याची रुंदी घेतली, कडेचा गोलावा कागदाच्या पट्टीने उतरवला, वरून आणि बाजूने फोटो काढले. मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा सोडला नाही. मग कॉम्प्युटरवर हात उभा राहिला, हातावर क्लिप बसली, आणि एका बटणासरशी ती क्लिप उलगडून सपाट झाली, जणू कोणी घडीचं धोतर झटकून पसरावं. मधल्या रेघेचा आकडा तिने रवीच्या तारेवरून आधीच काढून ठेवला होता. रवीने शीट निवडली, ठोका खाऊनही तडकणार नाही अशी. क्लिप तयार झाली तेव्हा ती खरंच देखणी दिसत होती.

बुवांनी ती चढवली, चिपळी अडकवली, हात उचलला. चिपळी बुवांच्या कोपराकडे बघत होती.

"छान आहे," बुवा म्हणाले.

"छान आहे म्हणजे टोचतंय," शैलजाबाईंनी अर्थ सांगितला.

निवेदिता क्लिप घेऊन परत दुकानात. "रवीदादा, वाकवताना कोन हुकला."

"माह्या हातून कोन हुकते काय, वहिनी? गुण्या लावून पाहा ना."

तिने गुण्या लावून पाहिला. कोन बरोबर. व्हर्नियर लावला. प्रत्येक बाजू चित्राबरहुकूम. मग संशय मधल्या रेघेवर गेला. तिने आकडा थोडा वाढवला, दुसरी क्लिप केली. ती जास्त टोचली. आकडा कमी केला, तिसरी केली. ती हातातून सुटून शैलजाबाईंच्या साथीच्या पेटीवर पडली.

"तुमचा कॉम्प्युटर बिघडला असन," रवी म्हणाला.

"तुमची तार कुठे जास्त, कुठे कमी तापत असेल."

"तार चांगली हाये. गावातले सारे साहेब याच तारेवरचे शील्ड घेऊन फोटो काढून राह्यले. कोनाचं वाकडं निघालं काय?"

"साहेबांनी शील्ड हातात घालून कीर्तन केलं का पण?"

रवीने यावर थोडा विचार केला. "तसं तं नाई केलं कोनी," तो म्हणाला, आणि त्याने चौथ्या क्लिपसाठी शीट काढली.

गुढीपाडवा झाला. देवळांतून चैत्राचं नवरात्र बसलं. पंजाबरावांचा फोन आला. "बुवा, पत्रिका छापाले टाकतो. नाव काय टाकू?"

बुवांनी फोन कानाशी धरून एकदा उजव्या हाताकडे पाहिलं. चौथी क्लिप हातात होती आणि चिपळी खाली चटईवर. "पंजाबराव, मला वाटतं तुम्ही आता दुसरं..."

निवेदिताने फोन त्यांच्या हातातून घेतला. सासऱ्याच्या हातातून असं काही ओढून घ्यायची तिची ही पहिलीच वेळ. "काका, अण्णांचंच नाव टाका," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिच्या लक्षात आलं की आपण काय केलंय.

बुवा आत जाऊन देवापुढे बसले.

निवेदिता उत्तररात्रीपर्यंत जागली वगैरे काही नाही, चांगली झोपली. कारण धवल म्हणाला होता की झोपलीस तर डोकं चालेल. पण सकाळीही डोकं काही चाललं नाही. ती चहा गाळत होती, आणि देवघरात पूजा संपत आली होती. अंगठा दुखायला लागल्यापासून तीर्थाची पळी शैलजाबाईंकडे आली होती. बुवांच्या हातात त्यातल्या त्यात कमी टोचणारी पहिली क्लिप होती, कारण 'सवय होऊ द्या' असं सुनेने सांगितलं होतं आणि बुवा सुनेचं ऐकत.

"घ्या," शैलजाबाई म्हणाल्या.

बुवांनी उजवा हात पुढे केला. अंगठा आत वळला, बोटं जवळ आली, तळव्याची खोल वाटी झाली. आणि क्लिप त्या हातावर अशी बसली, जणू हाताबरोबरच जन्माला आली होती. कुठे फट नाही, कुठे टोचणं नाही.

गाळणं निवेदिताच्या हातात तसंच राहिलं. "अण्णा, हलू नका."

"तीर्थ आहे गं हातात."

"पिऊन टाका. पण हात तसाच ठेवा."

बुवांनी तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवायचा मोह आवरला आणि तो परत तसाच धरला.

"मी माप घेतलं तेव्हा हात पुढे करा म्हटलं होतं," निवेदिता हळूहळू म्हणाली. "तुम्ही असाच केला होता?"

"हात पुढे कर म्हटल्यावर आणखी कसा करतात?" बुवांनी मनापासून विचारलं.

शैलजाबाई पळी पंचपात्रात ठेवून हसायला लागल्या. "मुंज झाल्यापासून त्या हाताला दुसरं काही माहीतच नाही. परवा बँकेत तो बोटाचा ठसा घेणारा म्हणाला, आजोबा हात पुढे करा. ह्यांनी वाटी केली. तो बिचारा खिशात सुट्टे पैसे शोधायला लागला."

निवेदिताने गाळणं खाली ठेवलं. रवीची तार बरोबर होती. कॉम्प्युटर बरोबर होता. ती न दिसणारी रेघसुद्धा आपल्या जागी होती. तीर्थ घेणाऱ्या हातासाठी तिने एकापाठोपाठ एक क्लिपा करून घेतल्या होत्या, आणि त्यातली पहिली तर बिनचूक होती. सगळ्यात जास्त हसू तिला स्वतःचं आलं. एवढे फोटो काढले, एकदाही खटकलं नाही. कारण तिच्या माहेरीही हात पुढे करा म्हटलं की तो असाच यायचा.

"आता चिपळी धरल्यासारखा करा हात," ती व्हर्नियर घेऊन आली.

बुवांनी हात सपाट केला, चौकात गाड्या अडवणाऱ्या पोलिसासारखा.

"असा नाही. चिपळीसारखा."

आता दुखेल या धास्तीने हाताची मूठ झाली. ते जितकं आठवून करायला जात तितका हात बावरत होता. आयुष्यभर जे न बघता केलं, ते बघून जमेना. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवला. "जाऊ दे पोरी. विसरला तो."

शैलजाबाई उठल्या. पेटीवरचं कापड काढलं, भाता सोडला आणि बुवांचा आवडता सूर धरला. "तुम्ही हाताकडे बघू नका," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघून जय जय करा. फार दिवस बघितलं नाहीत."

बुवांनी नमन धरलं. पहिल्या ओळीला आवाज घोगरा होता, दुसरीला मोकळा झाला आणि डोळे मिटले गेले. तिसऱ्या ओळीला उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला, कोपर अंगाशी आलं, आणि रिकाम्या हवेत चार बोटं न दिसणाऱ्या फळीवर पडायला लागली. तोच हात, तोच कोन.

आता हलत्या हाताचं माप व्हर्नियरने कसं घ्यायचं? निवेदिताने इकडे तिकडे पाहिलं. पोळ्यांची कणीक मळून ठेवली होती. तिने एक मोठा गोळा घेतला, बुवांच्या अंगठ्याच्या बुडाभोवती हलक्या हाताने लपेटला आणि त्यात चिपळीची एक फळी रोवली. बुवांनी डोळे उघडले नाहीत, फक्त सुरातच विचारलं, "हे काय गार गार?"

"कणीक आहे. म्हणत राहा."

सासू पेटी ओढतेय, सासरे नमन म्हणतायत, सून त्यांच्या हाताला कणीक लावतेय. दूधवाला दारात येऊन उभा राहिला आणि दूध न देताच परत गेला, उद्या येतो म्हणून.

कणकेने हात उचलून धरला होता आणि हाताने कणकेला. तिने ती एका कडेने चिरून सोडवली, दोऱ्याने मधोमध कापली आणि कापलेली बाजू चौकटीच्या कागदावर ठेवून फोटो काढला. अंगठ्याचं बूड, कडेचा गोलावा, फळीचा कल, सगळं त्यात उतरलं होतं. कॉम्प्युटरवर ती त्या फोटोवरून रेघ ओढत गेली. मधल्या रेघेचा आकडा होता तोच ठेवला, पहिल्या दिवसाचा. कणीक गाईला गेली.

दुकानात रवीने नवी क्लिप वाकवली आणि थंड होईस्तोवर साच्यात धरून ठेवली. "म्हंजे तार बरोबर होती."

"होती."

"कॉम्प्युटर बी बरोबर."

"तोपण."

"मंग चुकलं कोन?"

"अण्णांचा हात. मी घरी माप घेत होते, आणि तो देवळात गेला होता."

रवी यावर इतका वेळ हसला की त्याची तार नुसतीच तापत राहिली. मग म्हणाला, "मी येतो उंद्रीले. काम पब्लिकमध्ये कसं टिकते ते पाहाले पायजे."

रामनवमीला उंद्रीच्या देवळात मांडव गच्च भरला होता. पंजाबरावांनी खांबाआड आपला मोबाईल आणि स्पीकर जोडून तयार ठेवला होता. "राहू द्या बाजूले," ते निवेदिताला म्हणाले, "माह्या जिवाले बरं वाटते."

बुवा उभे राहिले. पायघोळ अंगरखा, पागोटं, गळ्यात उपरणं. चिपळी अडकवलेला हात त्यांनी एकदा सगळ्यांसमोर उचलला, आणि निवेदिताचे दोन्ही हात पदराच्या टोकाशी खेळायचे थांबले. बोटं पडली. चिपळी खणकन बोलली. बाहेर चपला काढत असलेल्या बायका लगबगीने आत आल्या.

पूर्वरंगात बुवांनी निरूपणाला सुख आणि दुःख घेतलं, आणि अर्ध्यात येऊन थांबले. चिपळीही थांबली. पंजाबरावांचं बोट मोबाईलकडे सरकलं, रवीने ते हळूच धरलं.

"मंडळी," बुवा म्हणाले, "आमच्या घरी प्लास्टिक वाकवतात. तुम्ही म्हणाल, बुवांना झालंय काय. तर ऐका. वाकताना एक बाजू ताणते, ती म्हणते मीच मोठी. दुसरी दबते, ती म्हणते मीच दुःखी. पण आत एक रेघ असते, ती ताणतही नाही आणि दबतही नाही. डोळ्यांना दिसत नाही. पण माप घ्यायचं असेल तर तिच्यावर घ्यावं लागतं. देव माणसाचं माप घेतो ना, तो बाहेरून घेत नाही."

चिपळी पुन्हा चालू झाली आणि मांडवाने एकदम टाळी धरली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "कोन्या पोथीतलं हाये हे?"

बुवांच्या कानांना सगळं ऐकू यायचं. "सुनेच्या कॉम्प्युटरातलं," त्यांनी चालीतच सांगून टाकलं.

उत्तररंग चढत गेला. ऐन बाराला पाळणा हलला, गुलाल उडाला, सुंठवड्याची ताटं फिरली. आख्यानात एका ठिकाणी बुवांचा गळा दाटला तेव्हा चिपळी नेहमीसारखी चालू राहिली, आणि आवंढा गिळून होईस्तोवर तिने वेळ निभावून नेली. शैलजाबाईंनी पेटीवरून सुनेकडे पाहिलं आणि डोळे मिचकावले.

मग तीर्थ. पुजारी पळी घेऊन पहिल्यांदा बुवांसमोर आले. चिपळी काढून धवलकडे दिलेली होती, क्लिप मात्र हातातच. बुवांनी हात पुढे केला, नेहमीसारखा वळवायला गेले, आणि हात वळेना. चिपळी धरणाऱ्या हाताची क्लिप ती. तीर्थ घेणारा हात तिला माहीतच नव्हता. पुजारी थांबले. मागची रांग थांबली.

"काढून घ्या ना ते, बुवा," पंजाबराव म्हणाले.

"थांबा हो," बुवा म्हणाले. त्यांनी हात जरासा कलता केला. "घाला."

पळीतलं तीर्थ तळव्यावरून घरंगळलं आणि क्लिपची कड जिथे उभी राहते त्या वाकणात जाऊन थांबलं. स्वच्छ, पारदर्शक वाकण. कुठे बुडबुडा नाही, कुठे चीर नाही. तीर्थ तिथे थेंबही न सांडता साचून राहिलं. बुवांनी हात ओठांशी नेला, घेतलं, आणि ओला हात पागोट्यावरून फिरवला. मग गर्दीत निवेदिताला शोधून म्हणाले, "गळत नाही गं."

"पानी राहीन असं मी काई बोललो नव्हतो, वहिनी," रवी मागून कुजबुजला. "हे आपोआपच झालं."

पंजाबराव खांबाआड जाऊन स्पीकरची वायर गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळताच त्यांनी विचारलं, "बुवा, पुढच्या साली पत्रिकेत नाव..."

"माझंच टाका," बुवा म्हणाले, आणि सुंठवड्यासाठी त्यांनी या वेळी डावा हात पुढे केला, तर शैलजाबाईंनी तो खाली केला आणि चिमूट स्वतःच त्यांच्या तोंडात घातली.